अर्धा फेरा आधी

खदीजा मुकादम करंजाड्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवते. ग्रहांचा धडा पूर्वी ती मैदानात सुरू करायची. दोरीला दगड बांधायचा, डोक्यावर गरगर फिरवायचा आणि विचारायचं, "सोडला तर कुठे जाईल?" मुलं ओरडायची, "बाहेर, टीचर!" मग ती नेम धरून दोरी सोडायची. दगड सुटल्या जागेवरून सरळ पुढे जाऊन कंपाउंडच्या भिंतीवर आपटायचा.

"याला जडत्व म्हणतात," ती सांगायची. "चालती वस्तू आपणहून वळत नाही. तिला ओढून वळवावं लागतं."

सहा वर्षांपूर्वी नववीच्या वर्गासमोर दगडाची गाठ सुटली, अर्धा फेरा आधी. सगळे भिंतीकडे बघत राहिले, पण भिंतीवर काही आपटलंच नाही. मागे प्रिया म्हात्रे उभी होती. नीट दिसावं म्हणून खदीजानेच तिला तिथे उभं केलं होतं.

तिचा डावा डोळा गेला.

शाळेने अपघात म्हणून नोंद केली. प्रियाची आई मालतीबाई दवाखान्यात एवढंच म्हणाली, "मॅडम, तुमी काय जानून नाय केलं." त्यापेक्षा तिने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं खदीजाला वाटत राहिलं.

त्यानंतर ती हा धडा फळ्यावरच उरकू लागली. घरात पंखा लावला की मान खाली घालायची. भाऊ मुस्तफाची गाडी न्हावा शेव्याच्या वळणावर वळली की दाराची कडी घट्ट धरायची. गाडी वळायची आणि आपलं अंग मात्र सरळ निघालंय, हे तिला हाडांत कळायचं. प्रियाच्या सोसायटीवरून तर ती जातच नसे.

एका रविवारी प्रियाचा फोन आला. "टीचर, घरी या ना. आमच्या वर्गाचा तो धडा अर्धाच राहिला."

खदीजा गेली. प्रिया आता पोर्टजवळ एका ऑफिसात कामाला होती. बोलताना ती पूर्ण मान वळवून बघायची.

"ग्रहाला दोरी कुठे असते?" तिने विचारलं.

"नसते. सूर्याचं गुरुत्वाकर्षण ओढतं. ग्रह सारखा सूर्याकडे पडतच असतो. पण पुढेही इतक्या जोरात जात असतो, की पडणं चुकतं आणि वाट वळत राहते."

"ओढ थांबली तर?"

"सरळ निघून जाईल."

"आणि वेग थांबला तर?"

"सूर्यात पडेल."

"टीचर, मला दगड दिसलाच नाही. तुमाला दिसला?"

चौकशीत खदीजाने नाही म्हटलं होतं. सगळ्यांना तेच सांगितलं होतं.

"दिसला," ती म्हणाली. "तुझ्याकडे जाताना दिसला. मला ओरडता आलं नाही."

दारात मालतीबाई चहा घेऊन उभी होती. तिने कप टेबलावर ठेवले आणि आत निघून गेली. चहा कुणीच प्यायला नाही.

चार दिवस खदीजाला घास गोड लागला नाही. पाचव्या दिवशी मधल्या सुट्टीत प्रियाचा मेसेज आला: "आई अजून बोलत नाय. तरी या. चंद्राचं राहिलं."