आईने नागलीत घातलेली शेळी

गावाकडून, खोडाळ्याहून आणलेल्या नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकर तव्यावर भाजायला लागली, की त्या वासाने अजूनही माझं डोकं तापतं. आमच्या पाड्यावर भाताची लावणी आळीपाळीने चाले. आज सगळे याच्या शेतात, उद्या त्याच्या. त्या वर्षी बाबा कामासाठी ठाण्याला आणि आई तापाने पडलेली, म्हणून शेजारच्या काकांच्या लावणीला आमच्या घरचं कोणी गेलं नाही. एवढ्यासाठी अख्ख्या पाड्याने आमच्याशी बोलणं टाकलं. कसला हलकटपणा हा! आई विहिरीवर गेली की बायका तिच्याकडे अशा बघत, जणू तिथे कोणी उभंच नाही. दिवाळीच्या तोंडावर आईचा संयम सुटला. तिने आमची शेळी ओढत नेली आणि काकांच्या पिकल्या नागलीत घातली. काका धावत आले, पण चकार शब्द न काढता त्यांनी शेळी हाकलली. आईने ती पुन्हा आत घातली. तेव्हा मात्र काका भडकले आणि आईपासून तिच्या माहेरापर्यंत सगळ्यांना त्यांनी पोटभर शिव्या घातल्या. आई घरी आली, तेव्हा तिचा चेहरा उजळला होता. म्हणाली, “दिल्या ना शिव्या! म्हंजे आहो आपन अजून.” आता मी ठाण्यात राहते. लिफ्टमध्ये शेजारी माझ्याकडे ढुंकूनही बघत नाहीत, आणि माझंही डोकं आईसारखंच फिरतं. पण शेळी घालावी असं इथे कोणाचं शेतच नाही.