श्वासाची जागा

गेटसाहेब गाणं ऐकायला बसत ते भिंतीकडे तोंड करून. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, रेकॉर्ड वाजवायच्या पेटीवर रुसलेत. पेटी बाजूला वाजतेय आणि हे खुर्ची वळवून भिंतीचे पोपडे बघत बसलेत. मग कळलं, त्यांचा उजवा कान गेलेला होता. भातसा धरणाचे दरवाजे उघडण्या-मिटण्यात त्यांच्या नोकरीची वर्षं सरली, म्हणून ते गेटसाहेब, आणि त्या पाण्याच्या आवाजानं कान नेला. उरलेला डावा कान पेटीसमोर यावा म्हणून ते असे आडवे बसत. माझ्या सासूनं एकदा त्यांना तोंडावर विचारलं, "लगीन का नाय केलंत सायब?" तर म्हणाले, "केलं होतं की धरणाशी. फार ओरडायची ती बाई. एक कान घेऊन गेली."

निवृत्त झाल्यावर भातसानगरचं सरकारी घर सुटलं, तेव्हा ते आमच्या सापगावात दोन खोल्या घेऊन राहिले. नव्वदनंतरची ती सालं. मी त्यांच्याकडे स्वयंपाकाला आणि भांड्यांना जायची. माझं माहेर मुरबाडच्या अंगाला, लग्न होऊन दोनच वर्षं झालेली, शाळा चौथीपर्यंत. बोलायची मला इतकी भीड, की भाजीत मीठ बरोबर आहे का हे विचारायलाही दाराची चौकट धरावी लागे.

साहेबांची एक सवय होती. काहीही बोलायच्या आधी ते सांगून ठेवत. म्हणत, "पाणी सोडायच्या आधी भोंगा द्यायचा. खाली नदीत कोण कपडे धुतंय, कोणाची म्हैस बसलीय, आपल्याला काय ठाऊक?" तीच रीत त्यांनी घरात आणली होती. जेवताना हात थांबवून म्हणायचे, "यमुनाबाई, भोंगा देतोय हं." मी पदर सावरून उभी राहायची. मग हळूच म्हणायचे, "आमटीत आज डाळ शोधावी लागतेय." रागावणं राहायचं बाजूला, मलाच हसू यायचं. अचानक असं त्यांनी कधी कुणाच्या अंगावर पाणी सोडलं नाही.

त्यांच्याकडे एकच रेकॉर्ड होती. इंग्रजी, गिटारवाल्यांची, त्यांच्या तरुणपणातली. पाकिटावर चित्र होतं, मोकळ्या शेतात एक रिकामी खुर्ची. कॉलेजात चार मित्रांनी मिळून ती घेतली होती आणि चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा ती साहेबांच्या वाट्याला आली. रोज दुपारी तीनला, चहाच्या आधी, ते ती लावत. मला आधी तो नुसता गोंगाट वाटायचा. पण रोज कानावर पडून पडून कुठे ढोल येतो, कुठे गिटार रडते, हे मला भांडी घासता घासता कळायला लागलं.

एकदा त्यांनी मला आतून बोलावलं. "इथे ऐका," म्हणाले. तिसरं गाणं होतं. गिटार वर वर चढत गेली आणि एकदम सगळे वाजवणारे थांबले. त्या शांततेत गाणाऱ्या माणसानं श्वास घेतला. मग गाणं सुरू झालं.

"ऐकलात? या रेकॉर्डमधली एवढी जागा मला सगळ्यात आवडते."

मी धीर करून विचारलं, "पुढं काय म्हणतो तो?"

"ते मलाही अर्धंच कळतं. पण श्वास पुरा कळतो."

त्या साली श्रावणात ओल फार धरली. भिंती, चपला, उशा, सगळ्याला बुरशी. एक दिवस साहेब पेन्शनच्या कामाला शहापूरला गेले होते. मी फडताळ पुसायला घेतलं तर ती रेकॉर्ड पाकिटातून काढून वाऱ्याला उभी करून ठेवलेली, आणि तिच्यावर बुरशीचे पांढरे ठिपके. काळी, गोल, हुबेहूब तवा. मला वाटलं, साहेब येईस्तोवर लख्ख करून ठेवू. मोरीत नेली, राख घेतली, काथ्या घेतला आणि तवा घासतात तशी घासली.

दोन-तीन हात मारले असतील. बोटांना खरखर लागली. पाणी ओतून पाहिलं तर बारीक बारीक ओरखडे. पदरानं पुसून मी ती जशी होती तशी उभी करून ठेवली आणि विळीवर जाऊन बसले, पण चिरायला समोर काहीच घेतलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तीनला त्यांनी रेकॉर्ड लावली. पहिली दोन गाणी नीट गेली. तिसऱ्या गाण्यात गिटार चढायला लागली आणि थोडं खालीच अडकली. तेच चार सूर परत परत. साहेबांनी पेटीकडे वळून पाहिलं. मग उठले, सुई उचलली, पुढे ठेवली. श्वासाची जागा मागे राहून गेली. माझ्याकडे न बघता म्हणाले, "पाऊस फार झाला यंदा."

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. काम जाईल ही भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती त्यांचा चेहरा बघण्याची. आज सांगते, उद्या सांगते, असं करत वर्षं गेली. रोज तीनला गाणं त्या जागेवर अडकायचं आणि रोज मी मनात म्हणायची, हे मी केलंय.

पुढे त्यांचे गुडघे धरले. खुर्चीतून उठायला वेळ लागायचा, तोवर ते चार सूर गरगरत राहायचे. एके दिवशी मला राहवलं नाही. पिठाचे हात पुसले, बाहेर आले, सुई उचलून पुढे ठेवली. साहेबांनी भिंतीकडे बघतच मान हलवली. त्या दिवसापासून ते माझं काम झालं. हात कुठेही असोत, गिटार चढायला लागली की मी उठायची. सासू म्हणायची, "काय गो, त्या गोऱ्यांचं गानं पाठ झालंय तुला, आनि आरतीला तोंड शिवलेलं असतं!"

दहा-अकरा वर्षं अशी गेली. मग एका दिवाळीत त्यांचा पुतण्या नाशिकहून आला. बरोबर वाजवायचं यंत्र, आवाजाच्या दोन उभ्या पेट्या आणि सीडीची एक चकचकीत लहान तबकडी. पाकिटावर तेच शेत, तीच खुर्ची, फक्त रंग आताच दिल्यासारखे ताजे.

"काका, रीमास्टर केलंय. हाय रेझोल्यूशन. मूळ टेपवरून सगळं परत साफ करून काढलंय. तेव्हा ऐकूच येत नव्हतं तेही ऐकू येईल," तो म्हणाला. मला एवढंच कळलं, की कुणीतरी जाणत्या माणसांनी ते गाणं नीट धुतलं, मी धुतलं तसं नाही.

त्यानं तबकडी लावली. साहेब आपल्या खुर्चीत, भिंतीकडे तोंड करून. मी आत करंज्या लाटत होते. गाणी तीच, पण जसं काही ते वाजवणारे ओटीवरच येऊन बसलेत. तिसरं गाणं आलं, गिटार चढायला लागली आणि मी सवयीनं हात पुसत बाहेर आले. पेटीपाशी हात पुढे केला. उचलायला सुईच नव्हती.

गिटार वर वर गेली. सगळे थांबले. आणि श्वास आला. इतका जवळून, की मी मागे वळून पाहिलं.

साहेबांचे डोळे मिटलेले होते. गालावरून पाणी उतरत होतं आणि ते पुसतही नव्हते. मला आता गप्प राहवेना. गाणं संपायची वाट पाहिली आणि मी म्हणाले, "साहेब, भोंगा देते."

त्यांनी खुर्चीतून चांगला कान माझ्याकडे केला.

"ती रेकॉर्ड पावसानं नाय बिघडली. मी घासली. राख लावून, काथ्यानं."

पुतण्या हसू दाबत म्हणाला, "राख लावून?"

"चकचकीत निघाली असेल रे," साहेब त्याला म्हणाले. मग माझ्याकडे पाहिलं. "मला माहीत आहे, यमुनाबाई. त्याच दिवशी सुईला काथ्याचा धागा लागलेला मिळाला. पाऊस काही काथ्या घेऊन येत नाही."

"मग बोललात का नाय?"

"बोललो असतो तर तुम्ही दुसऱ्या दिवशी आला नसता. कितीही भोंगा दिला असता तरी."

मी आत पळाले. त्या दिवशीच्या निम्म्या करंज्या तळताना फुटल्या.

पुतण्या गेल्यावर तीन वाजता मी विचारलं, "नवी लावू?"

"नवी फार चांगली आहे. त्या माणसाला त्या दिवशी सर्दी होती हेसुद्धा ऐकू येतं," ते म्हणाले. "पण आज आपली लावा."

जागा आली. चार सूर गरगरले. मी सुई उचलून पुढे ठेवली. साहेबांनी मान हलवली. तेव्हापासून एक दिवस नवी, एक दिवस आपली. नवीत ते श्वास ऐकायचे. आपलीत माझी वाट बघायचे.

दोन वर्षांनी त्यांना एकट्यानं राहणं जमेनासं झालं. एका दुपारी जेवताना हात थांबवून म्हणाले, "यमुनाबाई, भोंगा देतोय." मी नेहमीसारखी पदर सावरून उभी राहिले. "रविवारी नाशिकला जातोय, पुतण्याकडे. परत येणं आता होणार नाही."

माझ्या तोंडून कसंबसं निघालं, "आमटी पातळ झालीय असं म्हणा की साहेब."

"आमटी आज चांगली झालीय," ते म्हणाले आणि पानाकडे बघत राहिले.

जाताना नवी तबकडी त्यांनी नेली आणि जुनी रेकॉर्ड माझ्या हातात दिली. "ही तुमची. अर्धं काम तुमच्याच हातचं आहे."

साहेब गेल्याचा फोन पुतण्यानं केला तेव्हा भात झोडणीला आला होता. तो म्हणाला, शेवटपर्यंत रोज तीनला गाणं लावायला लागायचं. नवीच तबकडी, कुठे अडकायची नाही. पण ती जागा जवळ आली की काका स्वयंपाकघराच्या दाराकडे बघायचे.

रेकॉर्ड माझ्याकडे आहे. वाजवायला पेटी नाही. पण भाकरी थापताना कधी कधी ते गाणं माझ्या मनात आपोआप सुरू होतं. गिटार चढायला लागते आणि अडकते. पुढचा श्वास मी कानांनी ऐकलेला आहे, तरी ती तिथेच अडकते. मग मी पिठाचे हात पुसते आणि उठते.