दुभाषी लेक

हिवाळ्यातल्या उन्हाला इस्राएलातल्या अश्दोदच्या वाळूवर ओलसर, खारट असा वास असतो. पण १९६३ सालच्या त्या सकाळी इस्पितळाच्या खिडकीतून येणाऱ्या उन्हालाही मला फिनेलचाच वास येत होता. बेचाळिसाव्या वर्षी मला मुलगा झाला होता, आणि त्याच्याभोवतीच्या प्रत्येक हालचालीचा मला संशय येत होता. नर्सेस एकामागून एक यायच्या, त्याची इवलीशी मूठ उघडून तळहातावरची एकच आडवी रेघ न्याहाळायच्या आणि माझी नजर चुकवून निघून जायच्या. बाळ फारसं रडत नसे. दूध ओढतानाही दमे. मान लुळी, डोळे तिरपे आणि शांत; माझ्यासारखे नव्हेत, बापासारखेही नव्हेत. बाळ बदललं तर नसेल ना, असंही मनात येऊन गेलं.

मुंबई सोडून बरीच वर्षं झाली तरी हिब्रू माझ्या जिभेवर बसली नव्हती. नवरा बंदराच्या बांधकामावर. म्हणून डॉक्टरांचं बोलणं माझी सतरा वर्षांची मिर्याम मराठीत सांगे. डॉक्टर पुष्कळ बोलले. माझं वय विचारलं, नवऱ्याशी लग्नाआधीचं काही नातं होतं का, तेही विचारलं. मिर्याम मात्र एवढंच म्हणाली, "बाळ अशक्त आहे, आई. आणखी काही नाही."

त्या काळात आम्हां बेने इस्राएलांची, कोकणातून आलेल्या ज्यूंची, लग्नं ठरली की आम्ही खरे ज्यू का म्हणून इथले धर्मगुरू आज्या-पणज्यांपर्यंत चौकशा करत. आता हे लोक माझ्या बाळातही आमच्या रक्ताची खोट शोधताहेत, असं वाटून अंगाची आग झाली. पण त्याहून बोचत होतं ते वेगळंच. एवढ्या लांब बोलण्याचं एवढंसं मराठी कसं झालं?

मिर्याम घरी गेल्यावर मी एकटीच डॉक्टरांपुढे जाऊन उभी राहिले आणि शाळेतलं मोडकंतोडकं इंग्रजी गोळा केलं. "नो डॉटर. यू टेल मी."

त्यांनी चष्मा काढला. ते सावकाश बोलले. अशा मुलांच्या शरीरातल्या कणाकणात एक क्रोमोसोम जास्तीचा असतो. आईचं वय वाढतं तसा हा संभव वाढतो. यात रक्ताचा, जातीचा, कुणाच्याच वागण्याचा दोष नाही. बाळ हळूहळू शिकेल, पण त्याला कायम कुणाचा तरी आधार लागेल.

"माझ्या मुलीला काय सांगितलं होतं?"

"की त्याला संस्थेत ठेवा, आई विसरून जाईल. ती म्हणाली, आम्ही त्याला घरी नेणार." मग त्यांनीच चमकून विचारलं, "तिनं तुम्हाला विचारलं नव्हतं?"

आम्ही त्याला घरी आणलं. एका दुपारी मिर्याम त्याच्या पाठीला खोबरेल चोळत होती. मी विचारलं, "मला का नाही सांगितलंस गं?" मान वर न करता ती हिब्रूत भराभर काहीतरी बोलली. त्यातला मला एकच शब्द कळला. 'अही'. माझा भाऊ.

बाकीचं मी विचारलं नाही. माझ्या वयानं त्याला काय दिलं, एवढ्याचाच मी विचार करत बसले होते. ते वय उद्या त्याच्यापासून त्याची आईच काढून घेईल, हे त्या पोरीच्या आधीच ध्यानात आलं होतं. तिच्या सतरा वर्षांवर एवढं ओझं पडू द्यावं की नाही, हे मला तेव्हा ठरवता आलं नाही. तिचे तेलकट हात हळुवार फिरत होते आणि बाळ तिच्याकडे टक लावून पाहत होतं.