चारशे वर्षांचा जावई

ज्या पुस्तकांच्या मुखपृष्ठावर उघड्या छातीचा तरुण आणि वाऱ्यावर केस सोडलेली मुलगी असते, ती पुस्तकं कोथरूडहून हिंजवडीला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये उघडपणे वाचता येत नाहीत. शेजारचा माणूस आधी छातीकडे बघतो, मग आपल्याकडे बघतो, आणि मग सबंध प्रवासभर खिडकीबाहेर बघत राहतो. मी तेव्हा एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर होते. दुसऱ्यांनी केलेल्या कामात चुका काढायच्या, हा माझा पोटापाण्याचा उद्योग. पुण्यातच वाढल्यामुळे त्याचं वेगळं ट्रेनिंग घ्यावं लागलं नव्हतं.

बसमध्ये मी फक्त एकाच जातीची पुस्तकं वाचायचे. रक्त पिणारे राजपुत्र, शापित नगऱ्या, जगाला वाचवणाऱ्या सतरा वर्षांच्या मुली. थोर साहित्य वाचायला डोकं शिल्लक लागतं आणि दिवसभर बग नोंदवल्यावर माझं ते राहत नसे. शिवाय मला ही पुस्तकं आवडायची. त्यांना नावं ठेवायला तर त्याहून आवडायचं.

नवरा त्याच क्षेत्रातला. लग्नाला फार दिवस झाले नव्हते तोच कंपनीने त्याला काही महिन्यांसाठी अमेरिकेला पाठवलं, आणि ते काही महिने लांबत गेले. घरात उरलो मी आणि सासूबाई. सासरे माझ्या लग्नाआधीच गेलेले. आमच्या दोघींचं भांडण नव्हतं, पण बोलायला विषयही नव्हता. सिलिंडर संपत आलाय, उद्या बाई येणार नाही, दूध जास्तीचं घेतलंय. एवढ्यावर आमची संध्याकाळ उरकायची.

एका शनिवारी मी भाजी घेऊन परत आले, तर सोफ्यावर विसरलेलं माझं पुस्तक त्यांच्या हातात. इंग्रजी पेपरातलं शब्दकोडं त्या रोज पेनने सोडवायच्या, तेव्हा भाषेची अडचण नव्हती. अडचण मुखपृष्ठाची होती. मी दारातच उभी राहिले.

"हा कोण उघडा?"

"राजपुत्र आहे, आई."

"थंडी नाही वाजत त्याला?"

"मेलेला आहे."

"मग ठीक आहे," त्या म्हणाल्या आणि पान उलटलं.

सोमवारी सकाळी पुस्तक मला परत मिळालं ते गेल्या वर्षीच्या कॅलेंडरच्या गुळगुळीत पानाचं कव्हर घालून. सगळी दुनिया कोरी बाजू वर ठेवते. सासूबाईंनी चित्राची बाजू वर ठेवली होती, त्यामुळे छातीच्या जागी आता सिद्धिविनायक होते. बसमध्ये त्या दिवसापासून माझी पत वाढली. एका ज्येष्ठ सहकाऱ्याने मला खिडकीची जागा दिली आणि रोज वाचता का, कोणता अध्याय चालू आहे, असं आदराने विचारलं. राजपुत्र तेव्हा नेमका नायिकेच्या मानेपाशी पोहोचला होता. मी म्हटलं, तिसरा.

ती एक मालिका होती, पाच जाडजूड भागांची. मुळात तीन भागांत संपणार होती म्हणे. आमच्याकडच्या उड्डाणपुलांसारखी तीही वेळेत संपली नाही. गोष्ट अशी: एका सरोवराच्या काठी एक मुलगी आपल्या आईबरोबर राहते. आई कापड रंगवून पोट भरते. सरोवराच्या पलीकडे धुक्यात एक नगरी आहे, तिथे रक्त पिणारे, न मरणारे लोक राहतात. तिथल्या चारशे वर्षांच्या राजपुत्राचं या सतरा वर्षांच्या मुलीवर प्रेम बसतं. तिला तिकडे जायचं तर तिथल्या झऱ्याचं पाणी प्यावं लागेल. ते प्यायलं की म्हातारपण नाही, मरण नाही, पण अलीकडच्या काठावरचं सगळं विसरायचं. आईसकट. अलीकडच्या काठावर आणखी एक मुलगा आहे, होड्या दुरुस्त करणारा. तो रागावला की त्याचं अस्वल होतं.

या प्रकारच्या पुस्तकांत आईबाप पहिल्याच प्रकरणात मारून टाकायची पद्धत आहे. ते जिवंत असले तर 'कुठे चाललीस?' असं विचारतील आणि पुस्तक दहाव्या पानावर संपेल. आमच्या लेखिकेने आईला जिवंत ठेवलं होतं, म्हणून आम्ही तिच्या बाकीच्या शंभर गुन्ह्यांकडे काणाडोळा केला. काणाडोळा केला म्हणजे रोज जेवताना त्यांची उजळणी केली.

"चारशे वर्षांचा जावई," सासूबाई आमटी वाढत म्हणाल्या. "पत्रिका कोण जुळवणार? आणि चारशे वर्षं हा करत काय होता? नुसता खिडकीत उभा. पुण्यात असता तर निदान एखादा क्लास काढला असता."

"तो रोज तिला झोपलेली बघायला येतो, ते तुम्हाला रोमँटिक नाही वाटत?"

"आपल्या सोसायटीत आला असता तर वॉचमनने नाव लिहून घेतलं असतं."

माझे आक्षेप धंद्यातले होते. सबंध जगाची सुरक्षा एकाच मुलीवर अवलंबून ठेवायची आणि तिला बदली माणूस नेमायचा नाही, हे कुठल्याही प्रोजेक्टमध्ये खपलं नसतं. भविष्यवाणी तर इतकी मोघम की आमच्या क्लायंटनेच लिहून दिली असावी. राजपुत्राचे डोळे पहिल्या भागात करडे होते, दुसऱ्यात चंदेरी, तिसऱ्यात वादळी. एका माणसाच्या डोळ्यांत तीन भागांत एवढा फरक पडला तर आपण मोतीबिंदू तपासून घेतो. सासूबाईंचा मुख्य आक्षेप जेवणाचा. "चार भाग झाले, ही पोरगी एकदाही ताटावर बसून जेवलेली नाही. सारखी धावते आणि तिच्या काळजाचे ठोके चुकतात. चुकणारच, पोटात काही नाही." चुंबनांच्या वर्णनांबद्दल मला भीती होती, पण त्यांनी त्या प्रकरणांवर एकच शेरा मारला. म्हणाल्या, फार लांबलंय, कापायला हवं होतं.

आमचे दोन पक्ष पडले. मी राजपुत्राच्या, त्या अस्वलाच्या. माझं म्हणणं, राजपुत्राकडे काहीतरी भव्य आहे, दुसरं जग आहे. त्यांचं म्हणणं, अस्वलाने मुलीच्या आईचं छप्पर शाकारून दिलं, राजपुत्राने आईला साधा नमस्कारही केलेला नाही. "रागावर ताबा नाही म्हणतेस, पण निदान राग कुणाचा आलाय ते सांगतो तरी," असं त्या म्हणायच्या. आमचे आवाज चढायचे. एकदा शेजारच्या काकू काय झालं म्हणून बघायला आल्या. सासू-सुनेचं भांडण आहे असं वाटून त्यांचा चेहरा खुलला होता, तो अस्वलाचं नाव ऐकून पार उतरला.

मला त्या संध्याकाळी फार आवडायला लागल्या होत्या. हे मी नवऱ्याला फोनवर सांगितलं, तर तो म्हणाला, बरं झालं, तुमचं जमतंय. मग म्हणाला, त्याला तिथे आणखी तीन वर्षं मिळाली आहेत, आणि आता मी तिकडे यावं.

म्हणजे नोकरी सोडायची. डिपेंडंट व्हिसावर तिकडे काम करता येत नसे. मला नुकतंच टेस्ट लीड केलं होतं. हाताखाली सहा जण, आणि कंपनीच्या कॅन्टीनमध्ये जरा मान ताठ करून चालण्याइतपत अधिकार. मी त्याला म्हटलं, मला विचार करू दे. तो हो म्हणाला. तो चांगला माणूस आहे, आवाजही चढवत नाही. आठवड्याभरात माझ्या मेलमध्ये तिकीट येऊन पडलं. राजीनामा देऊन नोटिशीचा काळ संपेल, त्याच्या दुसऱ्याच दिवसाचं. हिशोब अगदी चोख होता.

मी तिकीट छापून घेतलं आणि सासूबाईंना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून ते नीट वाचलं, तारीख वाचली आणि परत दिलं. मला वाटलं, मुलाचा संसार मार्गी लागतोय, यांना बरंच वाटत असणार.

त्याच आठवड्यात शेवटचा भाग आला. दुकानातली किंमत बघून मी स्वारगेटजवळच्या फुटपाथवरून छापील चोरीचा माल आणला. शाई हाताला लागत होती. पहिला मान सासूबाईंचा. चौथ्या दिवशी मी संध्याकाळी घरी आले तेव्हा त्या पुस्तक मांडीवर घेऊन बसल्या होत्या, चेहऱ्यावर शंका.

"अगं, मुलगी झऱ्यापाशी पोहोचली, ओंजळीत पाणी घेतलं, आणि पान उलटलं तर परत ती पूल पाडण्याची लढाई. ती तर मी परवाच वाचली. मला आधी वाटलं, हे काहीतरी मॉडर्न आहे. बरीचशी वाचूनही काढली परत."

मॉडर्न काही नव्हतं. बाइंडिंग करणाऱ्याने शेवटच्या पानांच्या जागी मधलीच पानं दुसऱ्यांदा शिवली होती. ओंजळीतल्या पाण्याचं पुढे काय झालं, ते आमच्या पुस्तकात नव्हतंच. दुसरी प्रत आणायला गेले, तर विकणाऱ्याने सगळ्या प्रती उलगडून दाखवल्या. सगळ्या तशाच. "बाकी कुणी तक्रार नाही केली," तो म्हणाला. फुटपाथवर का होईना, तो पुण्यातलाच विक्रेता होता.

मग मी ऑफिसात बसून इंटरनेटवर शेवट शोधला. ती पाणी पिते. राजपुत्राने पाठवलेली होडी काठाला लागलेली असते, त्यात बसते. आई काठावरून हात हलवते. मुलगी वळून बघते आणि तिला वाटतं, ही बाई कोण असेल, किती गोड हसते. जगभरच्या वाचकांनी लिहिलं होतं की याहून सुंदर शेवट होऊच शकत नाही. मी माझ्या खुर्चीत बसून रडले. शेजारच्या मुलाला वाटलं, रिलीज पुढे गेलं. राजीनाम्याचा मेल तेव्हा माझ्या ड्राफ्टमध्ये होता आणि सोमवारी तो पाठवायचा होता.

घरी आले. सासूबाई मटार सोलत होत्या. मी समोर बसले, सोलायला घेतले आणि शेवट सांगितला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं आता अस्वलाची बाजू निघेल.

"आणि त्याने काय सोडलं?" त्या म्हणाल्या.

"कुणी?"

"राजपुत्राने. हिने आई सोडली, गाव सोडलं, जेवण तर कधी केलंच नव्हतं. त्याने काय सोडलं?"

मी पाचही भाग मनातल्या मनात चाळले. राजवाडा होता तसाच. वय तेच. मित्र, घोडा, खिडकी, सगळं जागच्या जागी. "काही नाही," मी म्हटलं.

"तो तिला ये असंही म्हणाला नाही. नुसती होडी पाठवली." त्यांनी शेंग मोडली, पण दाणे काढले नाहीत. "तुझे सासरे फार चांगले होते. मी टेलिफोन खात्यात होते तेव्हा यांची नागपूरला बदली झाली. नोकरी सोड, असं ते एका शब्दानेही म्हणाले नाहीत. दोन तिकिटं काढून आणली आणि देवापुढे ठेवली."

ही गोष्ट मला माहीत होती. पण घरात ती सांगितली जायची ती 'आईने आपणहून नोकरी सोडली' अशी. नवरा ती मोठ्या अभिमानाने सांगायचा.

"तू राजीनामा देऊ नकोस," त्या म्हणाल्या. "कंपनीला म्हणावं मला पाठवा. पाठवतील तेव्हा स्वतःच्या व्हिसावर जा. नाहीतर त्याला म्हणावं, तू परत ये."

मला इतकं बरं वाटलं की त्याची भीतीच वाटली, म्हणून मी तिरकस बोलले. "तुम्हाला इथे सोबत हवी, म्हणून नाही ना म्हणत, आई?"

"हवीच आहे. मी काय संत आहे? तू गेलीस तर भिंतीशी बोलू का?" त्यांनी मटारचं पातेलं बाजूला सरकवलं. "पण सोबतीसाठी मी तुझी नोकरी मागत नाहीये. त्यात फरक आहे. तुला कळतो तो."

रविवारी सकाळी नवऱ्याचा फोन यायचा, तसा आला. मी बोलायच्या आत त्यांनी रिसीव्हर घेतला. इकडचं तिकडचं काही नाही, थेट सांगितलं की ती नोकरी सोडणार नाही, तिकीट रद्द कर. त्याचा आवाज मला पलीकडूनही ऐकू येत होता. आधी तो हसला. मग म्हणाला, "आई, हा आमच्या दोघांचा प्रश्न आहे. तू मध्ये पडू नकोस."

"मी मध्ये नाहीच आहे," त्या म्हणाल्या. "मी तिच्या बाजूला आहे."

मग तो म्हणाला, "ठीक आहे," आणि ते ठीक नव्हतं हे आम्हा तिघांनाही कळलं. त्यांनी रिसीव्हर ठेवला, स्वयंपाकघरात गेल्या आणि कणीक काढली. तो परदेशी गेल्यापासून फोन ठेवायच्या आधी त्या न चुकता त्याला एकच वाक्य सांगायच्या. त्या दिवशी विसरल्या. परातीत पाणी घालता घालता ते त्यांच्या लक्षात आलं आणि त्या तिथेच उभ्या राहून रडायला लागल्या. एकुलता एक मुलगा त्यांचा. मी त्यांना जवळ घेतलं नाही, तेवढी आमची सवय नव्हती. मी फोन वायरीसकट आत आणला, नंबर फिरवला आणि रिसीव्हर त्यांच्या कानाशी धरला, कारण त्यांचे हात कणकेचे होते.

त्याने उचलला. "जेवून घे रे वेळेवर," त्या म्हणाल्या, आणि तो काही बोलायच्या आत मानेनेच मला खुणावलं, ठेव.