मुंबई गाजवलेला अण्णा

अण्णाला मी शेवटचं पाहिलं ते खोपोलीच्या दवाखान्यात. खाट त्याला पुरत नव्हती. पाय बाहेर आले होते आणि वहिनीनं त्यांच्यावर आपली शाल टाकली होती. बोलणं जवळजवळ थांबलंच होतं. मला पाहून त्यानं आपल्या मुलाबद्दल एवढंच विचारलं, "रमेश आला का गं?" येतोय, म्हटलं मी. त्यानं डोळे मिटले... दुसऱ्या दिवशी कर्जतला आमच्या शेजाऱ्यांच्या फोनवर तो गेल्याचा निरोप आला. त्याला आता महिना उलटून गेला.

अण्णा, म्हणजे सखाराम, माझा थोरला भाऊ. खालापूरजवळ आमचं गाव, थोडी भातशेती. अंगानं दांडगा म्हणून तो तालमीत रमला आणि तिथून मुंबईच्या फ्रीस्टाइल कुस्त्यांत गेला. त्या कुस्त्यांचं तेव्हा मुंबईला वेड होतं. परदेशी मल्ल यायचे, स्टेडियम भरून जायचं. गावाला वाटे, आपला सखाराम तिथं बडी असामी आहे. खरं काय ते त्यानं मला लावणीच्या दिवसांत बांधावर भाकरी खाताना सांगितलं. मोठ्या मल्लांची कुस्ती लागायच्या आधी लोकांना तापवायला काही जण लागतात आणि त्यांनी पडायचं असतं. अण्णा त्यांतला. सांगताना त्याला लाज वाटत नव्हती. त्याला सगळ्यांत जास्त वेळा पाडलं ते उत्तरेकडच्या एका नामांकित मल्लानं. त्यांचं नाव मी इथं लिहीत नाही. अण्णा त्यांना उस्ताद म्हणायचा.

खांदा निखळल्यावर तो परत आला, खोपोलीच्या एका कारखान्यात लागला. लग्न झालं, रमेश झाला. पुढे कर्जतच्या एका कंत्राटदारानं जत्रांच्या दिवसांत फ्रीस्टाइलचे खेळ लावायला सुरुवात केली. सगळे त्यांना मामा म्हणत. मुंबईच्या रिंगमध्ये ज्यानं एकदा तरी पाय ठेवला, त्याचं नाव मामा पोस्टरवर लाल ठळक अक्षरांत छापायचे. बाकीचे खाली, मुंगीएवढे. मुंबईत नुसती दारावर तिकिटं फाडणाऱ्या एकालाही त्यांनी 'मुंबई स्टेडियमचे' करून टाकलं होतं. अण्णा झाला 'मुंबई गाजवलेला, जगज्जेत्यांना घाम फोडणारा'. टेंपोवर भोंगा लावून चौक गावापासून नेरळपर्यंत हे ओरडलं जायचं. आपण तिथं कुणाला घाम फोडला नाही, असं अण्णानं एकदा मामांना सांगून पाहिलं. तू तिथं होतास ना, मग झालं, म्हणाले मामा. पुढंपुढं अण्णाला ते आवडूही लागलं असावं, कारण रमेशनं ते पोस्टर भिंतीला डकवलं तेव्हा त्यानं काढायला सांगितलं नाही. रमेशला बापाचा फार अभिमान. कारखान्यात चिकटल्यावरही तो 'मुंबईवाल्यांचा रमेश' म्हणूनच ओळखला जायचा.

मग एका वर्षी मामांनी खुद्द उस्तादांनाच खोपोलीला आणलं. मोठ्या स्टेडियमचे दिवस संपले होते. उस्ताद आता जुन्या नावावर गावोगावच्या खेळांत उतरत होते. पोस्टरवर दोघांची चित्रं समोरासमोर, आणि खाली 'मुंबईचा बदला खोपोलीत'. अण्णानं जिंकायचं, हे आधीच ठरलं होतं. आमचं अख्खं गाव आलं होतं. बायकांच्या खुर्च्या पुढंच होत्या, म्हणून मला सगळं जवळून दिसलं. उस्ताद दोराला धरून आत आले. पहिल्याच झटापटीत त्यांचा गुडघा वळला. ते कोसळणार तोच अण्णानं मागून कवळ घातली. लोकांना वाटलं डाव टाकला, सगळे ओरडू लागले. पण अण्णा त्यांना दाबत नव्हता, उभं धरत होता. उस्ताद मान वळवून काहीतरी म्हणाले. अण्णानं नकारार्थी मान हलवली... आणि स्वतःच त्यांच्या अंगाखाली पाठीवर पडला. उठलाच नाही. पंचानं उस्तादांचा हात वर केला. क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग चपला आल्या. गावातली माणसं अण्णाला विकला गेलास म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला परसात गाठलं. तो चुळा भरत होता. उस्ताद काय म्हणाले, विचारलं.

"म्हणाले, 'गिरा दे बेटा, अब नहीं होता.'" थोडा वेळ तो तोंड पुसत राहिला. "मला नाय जमलं गं. मुंबईत त्यांनी मला इतक्यांदा पाडला, पन कंदी आपटला नाय. माज्या डोक्याखाली त्यांचा हात असायचा."

हे रमेशला तरी सांग, मी म्हटलं. रमेशला कारखान्यात टोमणे बसत होते. अण्णा म्हणाला, "त्यांचा गुडघा गेला हे बाहेर पडलं तर त्यांना पोस्टरवर कोन घेईल? त्यावरच पोट हाय त्यांचं."

रमेशनं चार माणसांत बापाला विचारलं, खरं काय ते बोला. अण्णा बोलला नाही. भिंतीवरचं पोस्टर रमेशनंच फाडलं, नोकरी सोडली आणि अंबरनाथला निघून गेला. मामांच्या पुढच्या पोस्टरवर अण्णाचं नाव नव्हतं. उस्ताद गेल्याची बातमी आली तेव्हा मी म्हटलं, आता तरी रमेशला सांग. आता सांगून काय, म्हणाला. सणावारी रमेश यायचा, जेवायचा, आईशी बोलायचा. बापलेकांचं बोलणं चहा घेता का इथवरच...

दवाखान्यात रमेश पोचला तेव्हा अण्णाला पांढरं गुंडाळून झालं होतं.

तेराव्याला सगळे पांगल्यावर मी रमेशला उस्तादांच्या गुडघ्याचं सगळं सांगितलं. मग उठून तो मागच्या पडवीत गेला. तिथली कपड्यांची दोरी अण्णानं आपल्या उंचीला बांधलेली. वहिनीचा हात पोचत नाही, ती काठीनं लुगडं वर सारते. आईसाठी दोरी खाली घ्यावी म्हणून रमेशनं गाठ सोडली. "ऱ्हाऊ दे रं," वहिनी आतून म्हणाली. दोरी हातात धरून तो खूप वेळ उभा राहिला. मग होती तिथंच, टाचा उंचावून, त्यानं ती परत बांधली आणि कोपऱ्यातली काठी आईच्या हाताशी आणून ठेवली.