मामानं इन्सुलिन का सोडलं

माझ्या मामाच्या मरणात माझाही हात आहे.

आज त्याचं वर्षश्राद्ध झालं. वर्षभर हे मी कुणाला बोलले नव्हते. कृपा करून शेवटपर्यंत वाचा, मधेच हात जोडलेले इमोजी टाकून पळू नका.

सोलापुरात मामाचं छोटंसं ज्यूस सेंटर होतं. मी फार्मसीत पीएचडी करते. विषय: डाळिंबाच्या सालीचा अर्क आणि डायबेटिस.

साल कुठून आणायची हा प्रश्नच नव्हता. मोडनिंबच्या बागांमधून मामाकडे डाळिंबं यायची. दाणे त्याच्या मिक्सरमध्ये, साली माझ्या पोत्यात.

उन्हात नको, सावलीत वाळव, एवढंच मी सांगितलं होतं. तर या माणसानं दुकानाच्या माळ्यावर मामीच्या जुन्या साड्या अंथरल्या. डागी साल एकेक करून बाजूला काढायचा. माझे गाईड म्हणाले, इतकं स्वच्छ सॅम्पल मला आजवर कुणी दिलं नाही.

मामाला स्वतःला कितीतरी वर्षांचा डायबेटिस. इन्सुलिनचं पेन दुकानाच्याच फ्रीजमध्ये, मोसंब्यांच्या मागे.

पहिले रिझल्ट आले त्या दिवशी मी कॉलेजमधून थेट दुकानात गेले.

"मामा, तुझ्या सालीनं शुगर उतरली."

उंदरांची उतरली होती. ते मी बोललेच नाही. त्या दिवशी मी हवेत होते.

आठवड्याभरानं त्याचा फोन आला. मी लॅबमध्ये, मशीन बंद पडलेलं, डोकं तापलेलं.

"अगं, मी घिऊ का उकळून? सकाळ-संध्याकाळ?"

"घे की. साल म्हणजे काय विष आहे का?"

आणि फोन ठेवला.

'इन्सुलिन मात्र सोडू नकोस' एवढं म्हणायला किती वेळ लागतो? पेशंटला औषध कसं समजावून सांगावं, या विषयात मी वर्गात पहिली आले होते.

त्या दिवसापासून त्यानं सुई सोडली. मला सांगितलं नाही, मामीलाही नाही. गिऱ्हाइकांना मात्र सांगायचा, "आमच्या पोरीनं काढलंय औषध. लई गुणाचं हाय."

दोन-अडीच आठवड्यांनी तो साली घेऊन डिपार्टमेंटला आला. एकच जिना चढला होता, पण धापा टाकत होता. टेबलावरची माझी पाण्याची बाटली उचलून एका दमात रिकामी केली.

"बरं नाही का रे?"

"जरा मळमळतंय. उन्हाचं असंल."

त्याच्या श्वासाला पिकलेल्या फळांचा वास येत होता. गोड आणि उग्र.

माझ्या क्षेत्रातले मित्र इथे वाचता वाचता थांबले असतील. इन्सुलिनविना शुगर हाताबाहेर गेली आणि रक्तात कीटोन साचले, की श्वासाला असा वास येतो. परीक्षेत हे मी लिहिलंय. ज्युनिअर्सना शिकवलंय.

पण माझा मामा ज्यूसवाला होता. त्याच्या शर्टाला, हातांना, गाडीच्या हँडललासुद्धा कायम फळांचाच वास.

मला तो वास आला आणि काहीच वाटलं नाही. "घरी जाऊन झोप" म्हटलं आणि पोत्याचं वजन करायला घेतलं.

घरी मामीलाही वास आला होता. तिलाही वाटलं, दुकानाचाच आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो दुकानात कोसळला.

मी हॉस्पिटलला पोचले. तिथे दुकान नव्हतं, फळं नव्हती, अंगावरचा शर्टही काढून ठेवलेला. फिनेलच्या वासातही मामाचा श्वास तसाच येत होता.

तेव्हा मला कळलं.

डॉक्टर मामाला विचारत होते, "इन्सुलिन कधीपासून बंद आहे?"

"झालं की दोन-तीन आठवडं."

"कुणी सांगितलं बंद करायला?"

मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते. मामानं माझ्याकडे बघितलं. मग कसंबसं बोलला.

"कुणी न्हाय. मलाच कटाळा आल्ता सुयांचा."

मी तोंड उघडलं नाही.

तिसऱ्या दिवशी तो गेला.

मग सुरू झालं. दहाव्याला, तेराव्याला, पुढे लग्नाकार्यांतही. "हट्टी होता." "आळस भोवला." "बायकोचा तरी विचार करायचा."

आणि मी मान डोलवायचे. हो, डोलवायचे. लिहिताना लाज वाटतेय.

आज सकाळी, पानं वाढायच्या आधी, मामीला स्वयंपाकघरात गाठून सगळं सांगितलं. तिनं आमटीखालचा गॅस बंद केला.

मग म्हणाली, "मला सांगून काय उपेग? भाईर बसल्यात की सगळी. त्यास्नी सांग. वरीसभर माझ्या नवऱ्याला नावं ठिवल्यात."

मी बाहेर जाऊन सांगितलं. एका काकांनी तेवढं विचारलं, "मग ती साल नेमकी किती घ्यायची?"

म्हणून इथे लिहितेय.

साल उकळून इन्सुलिन सोडायचं नाही. गोळीही सोडायची नाही. सालीत गुण असेलही, मी अजून शोधतेय, पण उंदरांवर दिसलं ते माणसावर चालेलच असं नाही. आणि लॅबमधला अर्क म्हणजे घरचा काढा नव्हे. कुणी तुम्हाला असला मेसेज पाठवला तर त्याला ही पोस्ट पाठवा.

काम मी सोडलेलं नाही. साल आता दुसरीकडून आणते. ती धुवून, निवडून घ्यावी लागते.

मामी आज मला जेव म्हणाली नाही. तिचं बरोबर आहे.

मामा, लोक म्हणतात तू कुणाचं ऐकलं नाहीस. तू माझं ऐकलंस.

डॉक्टरांपुढे माझ्यासाठी खोटं बोललास. ते मी आज सगळ्यांसमोर खोडलं. रागावू नकोस.

तुला साश्रू नमस्कार.