खडीवर आलेले पाहुणे
दगड फुटताना येणारा तो जळका वास आला, की बहात्तरच्या दुष्काळातली तिसगावजवळची एक दुपार आठवते. सरकारी कामावर मी आईशेजारी खडी फोडत होते, आणि मला पाहायला पाहुणे थेट तिथंच आले. "आजच यायचं हुतं व्हय!" असं पुटपुटत आईनं पिण्याचं पाणी माझ्या तोंडावर मारलं, धुळीचा नुसता चिखल झाला. मुलाच्या आईनं विचारलं, "भाकरी येती का गं?" माझा घसा कोरडा, हाताला फोड. मी वैतागून म्हणाले, "येती की, पीठ आनलंय का?" आईनं कपाळाला हात लावला. त्या बाई मात्र माझ्याजवळ टेकल्या नि म्हणाल्या, "आमच्यातबी न्हाई गं, बाई." लग्न जमलं. अजूनही मी नवऱ्यावर चिडते, "सुकाळात यायला काय झालं हुतं तुमाला?"